पट्ट्यावरची हळद

तुम्ही माझ्या बायकोला खोटारडी ठरवलंत. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तुमच्या त्या कडक इस्त्रीच्या जर्मनमध्ये लिहून पाठवलंत, की परस्परविश्वास कायमचा संपला आहे. तो कुणी संपवला हे तुमच्यातल्या निदान एकाला पक्कं ठाऊक आहे, आणि बाकीच्यांनी त्याला विचारलं नाही. माझा आरोप एवढाच. तो मराठीत करतोय, कारण जर्मनमध्ये केला तेव्हा पोच मिळाली आणि पोचेच्या पुढे काही नाही. मराठीत निदान माझी माणसं वाचतील. त्यांना हळद म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही.

संस्थेचं नाव लिहीत नाही. तनयाने बजावलंय. पण वाचणाऱ्यांना गोष्ट पहिल्यापासून कळायला हवी.

आम्ही जर्मनीत वोल्फ्सबुर्गला राहतो. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, इथले बरेच मराठी लोक करतात तेच. तनया माझ्यामागून आली, पुण्याची फिजिक्सची एमएस्सी घेऊन, आणि आल्यावर तिने असं काही केलं की मिरजेला आमच्या घरात सन्नाटा पसरला. ती घड्याळं दुरुस्त करायला शिकली. रीतसर, आउसबिल्डुंग म्हणजे इथलं कारागिरीचं प्रशिक्षण करून, तिच्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसून. त्यानंतर जुन्या वस्तू जतन करायचं शिक्षण, आणि मग तुमच्याकडची नोकरी. रोज सकाळी हॅनोव्हरची गाडी आणि तिथून पुढे दुसरी.

माझ्या आईचं नाव प्रभा. तिच्या डोक्यात घड्याळजी म्हणजे स्टेशन रोडला जिन्याखाली डोळ्यात भिंग अडकवून बसलेला माणूस. नातेवाइकांना ती फोनवर सांगायची, सून म्युझियममध्ये असते. तिथे काय करते असं कुणी विचारलंच, तर लगेच इथल्या थंडीचा विषय काढायची. एकदा तनयाच्या समोर म्हणाली, "एवढी फिजिक्स शिकलीस आणि शेवटी सेलच बदलतेस होय?" तनया म्हणाली, "आई, माझ्या घड्याळांना सेल नसतात." आई म्हणाली, "मग तर कठीणच. रोज किल्ली द्यायला एवढ्या लांब जायचं."

तनया हसली होती. पण मला ठाऊक होतं, ते वाक्य तिने मनात कुठेतरी ठेवून दिलंय. बारा वर्षांच्या संसारात आईने तिच्या भाकरीला नावाजलं, तिच्या अक्षराला नावाजलं, आमच्या लेकीला, अन्वीला दिलेल्या वळणाला नावाजलं. कामाला कधीच नाही. तनयाने कधी तक्रार केली नाही. फक्त आई इथे आली की कामाचं बोलणं बंद करायची.

आता बाबांचं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय आईने जे केलं ते कळणार नाही. बाबा रेल्वेत गार्ड होते. गाडी सुटली कधी, पोचली कधी, मध्ये कुठे किती थांबली, हे गार्डने आपल्या घड्याळात बघून लिहायचं. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ हा दागिना नव्हता, हत्यार होतं. म्हणून खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर विळी, कात्री, पाना, पक्कड, बाबांची शिट्टी, त्यांच्या दोन झेंड्या आणि मधोमध ते घड्याळ मांडलं जायचं. आई प्रत्येकाला आधी हळदीचं बोट लावायची, मग कुंकवाचं, आणि वर झेंडूचं फूल ठेवायची. त्या दिवशी कुणी हत्यार वापरायचं नाही. बाबा ड्यूटीवर असले तर घड्याळाची पूजा पहाटेच उरकून ते मनगटावर बांधायचे, आणि दिवसभर त्यांच्या पट्ट्यावर पिवळा डाग असायचा. बाबा गेले. घड्याळ आईकडे आहे. सकाळी आंघोळ झाली की ती त्याला किल्ली देते, आणि खंडेनवमीला ते अजूनही पाटावर असतं.

गेल्या वर्षी दसऱ्याला आई आमच्याकडे होती. आणि त्याच सुमाराला तुमचं प्रदर्शन उभं राहत होतं. माणूस पहिल्यांदा अंतराळात जायला लागला तेव्हाची मनगटी घड्याळं, असा विषय. तनया दीड वर्षं त्याच्यावर खपत होती. त्यातलं मुख्य घड्याळ एका खासगी मालकाने विश्वासाने दिलेलं. सुरुवातीच्या एका उड्डाणात ते खरोखर एका माणसाच्या हातावर होतं असा त्याचा दावा, आणि तो दावा खरा की नाही हे तनयाने तपासून सांगायचं होतं. मालकाचं नाव आणि उड्डाणाचं नाव मी घेत नाही. घड्याळाने काही गुन्हा केलेला नाही.

आई आल्यामुळे तनया घरी गप्प होती, पण एका संध्याकाळी आईनेच विषय काढला. एवढं मोठं यान, त्यात हजार यंत्रं, मग माणसाच्या हातावर घड्याळ कशाला? आणि तनया बोलायला लागली. मी भांडी लावत होतो ते थांबून ऐकत राहिलो. ती म्हणाली, पहिल्या दिवसांत यान बनवणाऱ्या बऱ्याच जणांनाही असंच वाटायचं. पण यानातलं घड्याळ यानातल्या विजेवर चालतं. वीज गेली की तेही जातं. तेव्हा परत येताना इंजिन नेमकं किती सेकंद पेटवून ठेवायचं, हे कळायला उरतं फक्त हातावरचं. थोडं कमी झालं तर खाली येता येत नाही, थोडं जास्त झालं तर भलतीकडे. म्हणून पुढे दुकानातली घड्याळं आणून ती भट्टीत तापवली, गोठवली, हवा काढून घेतलेल्या पेटीत कोंडली, आपटली. बरीचशी मेली. जी उरली ती माणसाबरोबर गेली. त्यांचा पट्टा हा एवढा लांब असायचा, कारण तो फुगलेल्या पोशाखाच्या बाहीवरून बांधायचा असायचा.

 आई म्हणाली, "म्हणजे गार्डचं घड्याळ."

तनया म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. गार्डचंच घड्याळ, आई."

त्या क्षणी माझ्या घरात काहीतरी जुळलं होतं. तुम्हाला त्याची किंमत नाही, मला आहे.

तनयाने आणखी एक सांगितलं, आणि ते इथे महत्त्वाचं आहे. घड्याळ कुठलंही कुणीही कुठूनही आणेल, पण पट्टा खोटं बोलत नाही. तो कापडी होता. त्याच्या विणीत त्या माणसाच्या घामाचं मीठ होतं, पोशाखाचे तंतू होते, त्या कोंदट केबिनची धूळ होती. तो पट्टा एकदा जरी धुतला तर सगळं गेलं. मग ते दुकानातलं एक जुनं घड्याळ. तिच्या दीड वर्षाच्या कामात पट्ट्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता.

त्या वर्षी खंडेनवमी आणि दसरा एकाच शनिवारी आले, आणि तोच शनिवार तुमच्या खुल्या दिवसाचा. लोकांनी यावं, कामाच्या खोल्या बघाव्यात, वाफल खावेत. आम्हीही गेलो. आईने हिरवी इरकल नेसली होती आणि खांद्याला तिची कापडी पिशवी होती. त्या पिशवीत हळदीकुंकवाचा करंडा आहे, झेंडूची फुलं आहेत आणि मिरजेहून वहीत दाबून आणलेली आपट्याची पानं आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी काही म्हटलं नसतं. दसऱ्याच्या दिवशी आईच्या पिशवीत दुसरं काय असणार?

तनयाच्या टेबलावर तिची हत्यारं मांडलेली होती. चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हर, भिंग, कुंचले. आणि मधोमध ते घड्याळ. काचेच्या झाकणाशिवाय. हे झाकण काढायला तनयाचा विरोध होता. तिने आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं, की लोक येणार आहेत, झाकण राहू द्या. तुमच्या विभागप्रमुखाने ऐकलं नाही. वर्तमानपत्रवाले येणार होते आणि काचेत फोटो चमकतो म्हणे.

तनया पाठ करून दहाबारा लोकांना भिंगातून काहीतरी दाखवत होती. मी दारात होतो, अन्वीच्या जॅकेटवरची पिठीसाखर झटकत. मी वळलो तेव्हा आई टेबलाशी उभी होती. तिने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. तुमच्या त्या राखाडी लिनोलियमवर ती मोज्यांनी उभी होती आणि करंडा उघडा होता. चिमट्यांना हळदकुंकू लागलं होतं, स्क्रूड्रायव्हरना लागलं होतं, भिंगाच्या दांडीला लागलं होतं. प्रत्येकाजवळ झेंडूची एकेक पाकळी. एक दोरी नव्हती, एक अडथळा नव्हता, एक माणूस तिथे लक्ष ठेवायला नव्हता. तिने हळदीचं बोट घड्याळाच्या पट्ट्यावर टेकवलं. मग तेच बोट पुसून कुंकवाकडे नेलं, आणि तेवढ्यात तनया वळली आणि तिने आईचा हात धरला.

नीट वाचा. कुंकू लागलं नाही. फक्त हळद लागली. एक बोट, पिवळं.

तनया ओरडली नाही. आईने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाला हात जोडून वाकून नमस्कार केला. सुनेच्या टेबलाला. म्हणाली, "मी तुझ्या कामाला काय काय बोलले. हे हत्यार आहे, मला आधी कळलं नाही." तनयाच्या हातात आईचा हात तसाच होता.

आणि तेव्हा तुमचा विभागप्रमुख आला. त्याने पिवळा डाग पाहिला आणि विचारलं, हे कुणी केलं. तनया म्हणाली, "मी."

का म्हणाली, ते मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, त्या क्षणाला डोक्यात एवढंच आलं, की बाहेरच्या माणसाने हात लावला म्हटलं तर मालक, विमा, पोलीस, आणि आईंचा पाहुण्याचा व्हिसा. माझ्या हातून झालं म्हटलं तर एक चूक, जी मी निस्तरू शकते. हळद बहुतेक सगळी वरवर होती. कोरड्या कुंचल्याने ती दुसऱ्या दिवशी काढणार होती. थोडा पिवळेपणा राहिला असता. आयुष्यभराचं नुकसान झालेलं नव्हतं.

आईने विचारलं, साहेब काय म्हणतायत. तनया म्हणाली, "म्हणतायत, छान दिसतंय." मग आईने पिशवीतून आपट्याचं पान काढलं आणि तुमच्या विभागप्रमुखाच्या हातात ठेवलं. सोनं घ्या, म्हणाली. त्याला काही कळलं नाही, पण समोर वर्तमानपत्राची बाई कॅमेरा घेऊन उभी होती, म्हणून तो हसला आणि पान कोटाच्या खिशात टाकलं. अजून त्याच कोटात असेल.

तनयाने त्याला स्पष्ट सांगितलं, की याला आता कुणी काही करायचं नाही. ओलं काही लावायचं नाही. तिने घड्याळ डब्यात ठेवलं, डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, आणि चावी त्याने मागितली म्हणून त्याला दिली. दुपारी मालक येणार होता आणि त्याच्यासमोर तनयाचं भाषण होतं. ती भाषणाला गेली. आम्ही समोर बसून ऐकलं. आईला जर्मन येत नाही, तरी ती सगळीकडे हसत होती आणि मध्येच शेजारच्या बाईला बोटाने दाखवत होती, की ती माझी.

भाषण झालं. मालकाला घड्याळ दाखवायचं म्हणून सगळे परत खोलीत गेले. विभागप्रमुखाने कपाट उघडलं. पट्टा ओला होता. एका बोटाएवढ्या पिवळ्या डागाच्या जागी तळहाताएवढा लांब लाल ओघळ होता, विणीत शिरलेला. रक्त सांडल्यासारखा. तनया सिंककडे गेली. ग्रीसचे हात धुवायला तुम्ही तिथे जी साबणाची जाड वडी ठेवता, ती ओली होती.

माझ्या माणसांनो, तुम्हाला आता पुढचं सांगायची गरज नाही. आपल्याकडे ज्याने आयुष्यात एकदा तरी वरणाचा हात शर्टाला पुसलाय, त्याला हे ठाऊक आहे. हळदीला साबण लावला की ती लाल होते. हे गुपित नाही, कुणाची विद्या नाही. आपली घरं तो डाग बघत मोठी झाली. पण तुमच्या चौकशीत तीन माणसं बसली होती, तिघं शिकलेली, आणि अहवालात लिहिलं आहे की कर्मचारी महिलेने धार्मिक कारणासाठी लाल रंग लावला.

मालकाने घड्याळ त्याच दिवशी परत नेलं. पट्टा धुतला गेला होता. मीठ गेलं, धूळ गेली. तो माणूस खरोखर वर गेला होता का, त्याच्या हातावर हे होतं का, हे आता कुणीही कधीही सांगू शकणार नाही. तनयाला मी रडताना पाहिलं ते नोकरी गेली तेव्हा नाही. त्या रात्री ती म्हणाली, तो माणूस घाबरला असेल ना रे तिथे, त्याचा घाम होता त्यात. आणि मग रडली.

आई आठवड्याभराने मिरजेला गेली. तिला काही सांगितलं नव्हतं. जाताना तनयाला म्हणाली, पुढच्या दसऱ्याला मी नसले तर तूच कर पूजा, हत्यारं अशी ठेवू नयेत.

मग आनह्योरुंग, म्हणजे तुमची ती सुनावणी. तनया गेली. दोन गोष्टी म्हणाली. हळद मी लावली. साबण मी लावला नाही. मग तुमच्यातल्या एकाने तिच्यासमोर वर्तमानपत्रातला फोटो ठेवला. हिरव्या लुगड्यातली म्हातारी टेबलावर वाकलेली, बोट पट्ट्यावर, आणि मागे तनयाची पाठ. खाली छापलं होतं, भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही कुतूहल. तुम्ही विचारलंत, ही कोण. तनयाने नाव घेतलं नाही. तुम्ही म्हणालात, आल्झो, म्हणजे पहिली गोष्ट तुम्ही खोटी सांगितली, तर दुसरी आम्ही खरी का मानायची?

झालं. तिथे तिची नोकरी संपली. तिच्या एका खोट्याने तुम्हाला तिचं एकच खरं गाडायला जागा मिळाली. मी साक्ष द्यायला तयार होतो. मी सकाळी पिवळा पाहिला आणि दुपारी लाल पाहिला. तुम्ही म्हणालात, नवऱ्याची साक्ष चालत नाही. झाकण कुणी काढायला लावलं, कुणी विचारलं नाही. चावी कुणाकडे होती, कुणी विचारलं नाही. माझी बायको खोटं बोलली, हे मी नाकारत नाही. ती एकदा बोलली, एका म्हातारीसाठी, सगळ्यांसमोर उभी राहून. तुमचा माणूस बोललाच नाही. न बोलण्याला खोटं म्हणत नाहीत, ही सोय तुमच्याकडे छान आहे.

घड्याळं जतन करणाऱ्यांची दुनिया लहान आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. तनयाने तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी आवाज बदलला. आता ती विचारत नाही. हत्यारांचा डबा खाली तळघरात, केलरमध्ये आहे. त्यावरचं हळदकुंकू तिने पुसलेलं नाही आणि मला पुसू दिलेलं नाही. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ गेल्या ऑक्टोबरमध्ये एक तास मागे करायचं होतं. ते तिचं काम होतं. ते तसंच आहे. हिवाळाभर आम्ही त्यात बघून मनातल्या मनात एक तास कमी केला. आता उन्हाळा आला म्हणून ते आपोआप बरोबर झालंय, आणि आता पुढचा हिवाळा येईल. मी स्टूल घेऊन चढलो तर ती म्हणते, राहू दे.

आईला अन्वीने सांगितलं. नऊ वर्षांची आहे, आम्ही मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. रविवारच्या फोनवर आईने विचारलं, मम्मा कामावर गेली का ग. अन्वी आधी जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. आई म्हणाली, नीट सांग बाई. मग त्या पोरीने शब्द गोळा करून करून सांगितलं, "आजी, मम्माचं काम गेलं. तू पिवळं लावलं म्हणून."

स्क्रीनवर आईचा चेहरा होता तो गेला आणि वरचा पंखा दिसायला लागला. फोन तिने मांडीवर ठेवला होता. पंखा फिरत होता. मग तिचा आवाज आला, तनयाला दे.

तिने तनयाला विचारलं, "तू माझं नाव का नाही घेतलंस?"

तनया म्हणाली, "अहो आई, तुम्ही माझ्या टेबलाला नमस्कार केलात ना. मग त्यांना कसं सांगू, की ही चूक झाली?"

आईने फोन ठेवला. पण चार दिवसांनी तिने शेजारच्या विनयकाकांना बसवून फोनवर एक व्हिडिओ काढून पाठवला. तीच हिरवी इरकल. समोर पाटावर बाबांचं घड्याळ. ती कॅमेऱ्याकडे बघून बोलते, कोर्टात बोलतात तसं. "माझं नाव प्रभा. हळद मी लावली. सुनेने लावली नाही. मला कुणी अडवलं नाही आणि मी विचारलं नाही, हा माझा गुन्हा. काय दंड असेल तो मला करा. पण साबण मी लावला नाही आणि माझ्या सुनेने लावला नाही. हळदीवर साबण कोण लावतं? ज्याने जन्मात स्वतःचे कपडे धुतले नाहीत तो."

मी शपथेवरच्या भाषांतरकाराकडून त्याचं जर्मन करून घेतलं आणि व्हिडिओसकट तुम्हाला पाठवलं. बरोबर हळदीची एक पुडी पाठवली आणि लिहिलं, की कापडावर लावा, तुमच्या वडीने घासा, आणि बघा. एका मिनिटाचं काम. तुमची पोच आली. मिळालं, धन्यवाद, प्रकरण बंद आहे. हळदीच्या पुडीबद्दल लिहिलं होतं, की खाद्यपदार्थ स्वीकारता येत नाहीत.

आई दर रविवारी विचारते, काय म्हणाले ते लोक. मी म्हणतो, अजून काही नाही. पहिले काही रविवार ती म्हणायची, मोठी ऑफिसं आहेत, वेळ लागतो. आता नुसतं हं म्हणते. आणि गेल्या रविवारी मला दिसलं, की तिच्या मागच्या फळीवर बाबांचं घड्याळ भलतीच वेळ दाखवतंय. मी विचारलं, बिघडलंय का. म्हणाली, बिघडलेलं नाही, किल्ली देत नाही. त्या व्हिडिओच्या दिवसापासून देत नाही. बाबा गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा तिने किल्ली दिली होती, मी पाहिलंय. मी म्हटलं, आई, असं कशाला. ती म्हणाली, "तिकडून उत्तर आलं की देईन."

तिला हृदयाचा त्रास आहे. तिला वाटतं उत्तर येणार आहे. मला वाटत नाही. तनयाला तर मुळीच वाटत नाही, ती म्हणते, आईंना खोटंच सांग की आलं म्हणून. मी सांगणार नाही. या घरात एका खोट्याचं काय झालं ते मी पाहिलंय. नोकरी परत मागत नाही, तनया आता त्या दारातून आत जाणार नाही. माफी मागत नाही, तुमची माफीसुद्धा इस्त्री करून येईल. पट्ट्यातलं मीठ तर तुम्ही परत देऊच शकत नाही.

एकच विचारतो. सकाळी कपाटात पिवळा डाग गेला. दुपारी त्याच कपाटातून लाल डाग बाहेर आला. मध्ये कपाट बंद होतं आणि चावी तुमच्या माणसाच्या खिशात होती, त्या आपट्याच्या पानाशेजारी. मिरजेत एक म्हातारी घड्याळ बंद ठेवून बसली आहे. तिला काय सांगू?

साबण कुणी लावला?